तिसऱ्या फेरीला

रविवार, ३ जुलै २०११, संध्याकाळ

जी वस्तू मी माझ्या हाताने जोडली, ती माझ्याच डोळ्यांसमोर, कोणी हातही न लावता, गप्पकन बंद का पडते? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. आपल्याला माहीत नाही हे मान्य करणं ही शिक्षणाची पहिली पायरी आहे, म्हणून इथे मान्य करून ठेवते. घरात अजून कोणाजवळ केलेलं नाही.

घडलं ते असं. काल कॉम्प्युटर पूर्ण झाला. कोळीवाड्यातल्या आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर, आणि मी, प्रांजल, या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. आयटी, फर्स्ट क्लास. आयता घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. माझ्या वर्गातला इंद्रजीत मुंबईहून सुटे भाग आणायला सोबत आला, जोडायलाही येतो म्हणाला. मी नको म्हटलं. कोळणीची मुलगी स्क्रू ड्रायव्हर धरू शकते हे एकदा दिसायला हवं होतं. कोणाला, ते नेमकं ठरवलेलं नाही.

आईशी थोडी बोलाचाली झाली. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट, मिक्सर, सोफा, बाबांच्या मोटरसायकलची सीट, सगळं अजून दुकानातून आल्यासारखं. प्लास्टिक गेलं की वस्तूची रया गेली, असं आईचं म्हणणं. कॅबिनेटच्या दर्शनी भागाचं आणि कीबोर्डचं तरी राहू दे म्हणून ती मागे लागली होती. पण आज इंद्रजीत बघायला येणार होता. मी सगळं ओरबाडून काढलं. आई गप्प बसली, आणि ती गप्प बसलेली मला बघवत नाही. म्हणून मधला मार्ग काढला. प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्याच्यावर एक मोठा कूलर बसतो. त्या कूलरच्या तळाला पातळ, स्वच्छ प्लास्टिक होतं. त्यावर लाल अक्षरांत कंपनीची काहीतरी सूचना, म्हणजे महत्त्वाचंच असणार. ते तेवढं आईसाठी ठेवलं आणि कूलर बसवून टाकला. बाहेरून कोणाला दिसतही नाही. परंपरा आणि आधुनिकता यांचा असा मेळ घालता येतो, फक्त मनात समजूतदारपणा हवा.

आता परेश. माझा धाकटा भाऊ. बारावीला दोन विषय राहिले. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं तर तेवीस तारखेपर्यंत फॉर्म भरायला हवा. त्याला बसायचं नाही. गव्हाणला गणूमामाकडे राहून कंटेनर यार्डात कामाला लागायचं आहे. मी पुष्कळ समजावलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुज्या शिकलेल्या डब्यावर माजी शर्यत दहा फेऱ्या चालवून दाखव. मी फॉर्म भरतो." गाड्यांच्या शर्यतीचा त्याचा एक गेम आहे, तो. मी ताबडतोब कबूल झाले. दहा फेऱ्यांत एका मुलाचं आयुष्य मार्गी लागत असेल, तर गेम हेसुद्धा शैक्षणिक साधन आहे.

आज सगळे जमले. इंद्रजीत सोफ्यावर टेकला तसं प्लास्टिक करकरलं. तो हसला. परेशने शर्यत सुरू केली. तिसऱ्या फेरीला स्क्रीन काळी, पंखे गप्प.

आई म्हणाली, दमला असंल.

इंद्रजीतने जाताना टेंपरेचर बघायला सांगितलं. बघते म्हटलं. गरज नाही. बाहेर पाऊस आहे, मला स्वतःला गार वाटतंय.

मंगळवार, ५ जुलै

निदान झालं. व्हायरस. परेशच्या पेन ड्राइव्हमधून आला, कारण घरात दुसरं कोणी पेन ड्राइव्ह बाळगत नाही. ड्राइव्ह जप्त. विंडोज पुन्हा टाकली. दिवसभर गाणी, इंटरनेट, टायपिंग सगळं सुरळीत. मशीन निरोगी आहे.

संध्याकाळी शर्यत. तिसरी फेरी.

नवा व्हायरस असावा.

गुरुवार, ७ जुलै

रॅम. रॅमच्या सोनेरी कडेला खोडरबर घासलं की निम्मे आजार जातात, हे प्रॅक्टिकलच्या सरांचं वाक्य. परेशच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं. कोरं होतं. तो म्हणाला, चला, बारावीचं कायतरी कामाला आलं.

दोन्ही पट्ट्या चकचकीत. तिसऱ्या फेरीला बंद.

परेश हल्ली शर्यतीआधी गाडी निवडत नाही. समोर येईल ती घेतो. पहिल्या दिवशी रंग ठरवायलाच किती वेळ लावला होता. हे लक्षण मला आवडलं नाही. मी त्याला आत्मविश्वासावर थोडं बोलले. तो मधेच उठून दूध आणायला गेला. दूध घरात होतं.

शनिवार, ९ जुलै

आज खरं कारण सापडलं. व्होल्टेज. फ्रीज आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर. सध्या होड्या बंद, त्यामुळे आईने कुठल्याशा बारशाच्या ऑर्डरची कोलंबी फ्रीजमध्ये राखून ठेवली होती. विज्ञानासाठी फ्रीज बंद केला. तिसऱ्या फेरीला कॉम्प्युटर बंद पडला, आणि त्या दुःखात फ्रीज परत चालू करायचा राहिला.

म्हणजे व्होल्टेज नव्हे. एक शक्यता कमी झाली, ही प्रगतीच.

आई ओरडली नाही. कोलंबी बोक्यांना घातली आणि मला विचारलं, "माजा प्लास्टिक हाय ना जाग्यावर?" आहे म्हटलं. "त्याच्यानीच वाचलाय तो. नायतर कवाच जळला असता." आईच्या अशा समजुतींवर एकदा सविस्तर लिहायचं आहे.

मंगळवार, १२ जुलै

टेस्टिंगसाठी आता मीच गाडी चालवते. याला खेळणं म्हणता येणार नाही, कारण मला त्यात काही आनंद होत नाही. आज बंद पडेपर्यंत दुसरी होते. पुलाच्या वळणावर त्या लाल गाडीला आत घुसू दिलं नसतं तर पहिली.

इंद्रजीतचा मेसेज. टेंपरेचर किती? तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर टाकून बघितलं. शर्यत चालू असताना ९६. हे फॅरनहाइट असणार. सेल्सिअस असतं तर पाणी उकळायला आलं असतं, आणि कॅबिनेटमध्ये तसं काहीच दिसत नाही. ९६ म्हणजे माणसाला तापसुद्धा नाही. त्याला कळवलं, टेंपरेचर नॉर्मल.

त्याने काळजीने विचारलं, हे खरं. पण काळजी घेणारी माणसं इतकी थोडक्यात का लिहितात?

शुक्रवार, १५ जुलै

महत्त्वाचा दिवस. परेशने स्वतःहून कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढली, आईचा टेबल फॅन ओढून आणला आणि सरळ आत वारा सोडला. मी म्हटलं, हा शास्त्रीय मार्ग नाही. तो म्हणाला, बघू तर.

तिसरी फेरी गेली. चौथी गेली. पाचवीला बाबासुद्धा जाळं विणायचं सोडून येऊन उभे राहिले. परेश गाडी चालवता चालवता मला म्हणाला की फॉर्मला फोटो लागत असतील ना, आहेत माझ्याकडे. सहावी पूर्ण झाली आणि बंद.

पण सहा. कोणी निराश नव्हतं. परेशने तर ट्रंकेतून अकाउंट्सचं पुस्तक काढलं. आधी उघडलं, थोडं वाचलंसुद्धा. मग टेबल फॅन एका बाजूला कलतोय म्हणून त्याच्या पायाखाली सरकवलं.

निष्कर्ष: वाऱ्याचा काही संबंध नाही. झाकणीच खराब आहे. ती कुठेतरी टेकत असणार.

रविवार, १७ जुलै

झाकणी बदलली. तिसरी फेरी.

आता एकच गोष्ट उरते, आणि तिचा विचार करायचं मी मुद्दाम टाळत होते. प्रोसेसर इंद्रजीतच्या ओळखीच्या दुकानातला. आणल्या दिवशी माझ्याकडे पिशव्या खूप झाल्या म्हणून त्याचा खोका इंद्रजीतच्याच घरी राहिला होता. म्हणजे एक पूर्ण रात्र प्रोसेसर माझ्या नजरेआड होता.

मी मनात ठेवून वागणारी नाही. दुपारी नवीन पनवेलला त्याच्या घरी गेले. त्याच्या आई, शोभाकाकू, यांनी चहा आणि खारी दिली. त्यांच्या सोफ्याला प्लास्टिक नाही. कितीही हलून बसलं तरी आवाज येत नाही.

मी सरळ विचारलं, खोका सीलबंद होता का. तो म्हणाला, तूच फोडलास की. मी म्हटलं, सील नव्याने लावताही येतं. तो खारीचे पापुद्रे मोजल्यासारखा बशीत बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, रागावू नकोस. कूलर लावताना खालचं प्लास्टिक काढलं होतंस ना?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमचा सोफा आला. त्याचं ते हसू आलं. म्हणजे इतके दिवस याच्या डोक्यात हेच होतं. कोळीवाड्यातलं घर, सगळ्या वस्तूंवर प्लास्टिक, आणि त्यात ग्रॅज्युएट झालेली मुलगी.

मी म्हटलं, "आमच्या घरातल्या प्लास्टिकला हसायला तुला बोलावलं नव्हतं."

शोभाकाकूंचा कप हवेतच थांबला. इंद्रजीत गेटपर्यंत आला, मी हसलो नव्हतो गं, असं काहीतरी म्हणत होता. मी रिक्षात बसले. चांगलं बोलता आलं याचं समाधान वाटायला हवं होतं. टपाल नाक्यापर्यंत वाटलंही.

बुधवार, २० जुलै

विश्वासघात हा शब्द लोक फार सहज वापरतात. मी विचार करून वापरते आहे. ज्याच्याबरोबर तीन वर्षं एका बाकावर प्रॅक्टिकल केलं, त्याने वापरलेला प्रोसेसर माझ्या गळ्यात मारला आणि वर माझ्या घराची टिंगल केली. पुरावा नाही. पण पुरावा न ठेवणं हेच तर हुशारीचं लक्षण आहे.

आणि मशीन. तिला मी काय कमी केलं? रोज पुसते. घरातला एकमेव नवा टॉवेल तिच्या अंगावर असतो. गाणी लावली की गुणी बाळासारखी चालते आणि परेश समोर बसला की मान टाकते. मुद्दाम केल्यासारखी.

परेशने इस्त्री केलेले दोन शर्ट पिशवीत ठेवलेले दिसले. विचारलं तर म्हणाला, शर्ट हायत, ठेवलेत. म्हणजे त्यालाही माझ्यावर भरवसा नाही.

संकल्प: शनिवारी शेवटचं प्रात्यक्षिक. सगळ्यांसमोर, झाकणी लावून, कुठलाही टेकू न घेता.

आईने झोपण्यापूर्वी प्लास्टिकची चौकशी केली. आहे गं, म्हटलं. घरात हल्ली एवढा एकच प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर मला खात्रीने देता येतं.

शनिवार, २३ जुलै

परेश सकाळी माझ्याजवळ आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, पंखा लाव. सहा झाल्या तरी मी भरतो फॉर्म."

माझा हात पंख्याकडे गेलाही. पण मोहाचे क्षण असेच येतात. मी त्याला नीट समजावून सांगितलं की दहा म्हणजे दहा. सवलतीवर मिळवलेलं यश टिकत नाही, आणि आयुष्यात कोणी बाजूने टेबल फॅन धरून उभं राहत नसतं. हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. त्याने ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. बरं म्हणाला.

झाकणी लावली. चारी स्क्रू घट्ट. आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, मी विरोध केला नाही. बाबा दारात उभे.

दुसऱ्या फेरीला बंद पडला.

परेश खुर्चीवरून उठला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. लहान तो आहे. "जाऊ दे ताई," म्हणाला. "तुज्यात काय कमी नाय. नशिबात नाय एवडाच."

मला नशीब हा शब्द अजिबात मान्य नाही. पण त्या वेळी वाद घातला नाही.

रविवार, २४ जुलै

परेश गव्हाणला गेला. गणूमामा टेंपो घेऊन आला होता. आईने सुकटीची चटणी बांधून दिली.

मी त्याला सोडायला बाहेर गेले नाही. माणसाने दिलेला शब्द पाळायचा असतो. तो तर शब्दाप्रमाणेच वागला, हे मला मागाहून लक्षात आलं. मग ही फसवणूक नेमकी कोणाची आणि कोणी केली, ते लिहायला घेतलं आणि राहून गेलं.

अकाउंट्सचं पुस्तक अजून फॅनखालीच आहे. काढलं तर फॅन कलतो.

शनिवार, ३० जुलै

निश्चय केला की प्रोसेसर काढायचा, खोक्यात भरायचा आणि इंद्रजीतच्या हातात ठेवायचा. काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं. कसं बघायचं याचा आरशात थोडा सराव केला.

दुपारी उघडायला बसले. पंख्याची वायर काढली, कूलर फिरवून उचलला. तळाला प्लास्टिक. मधोमध पिवळं पडून सुरकुतलेलं, कडेला अजून स्वच्छ. थंडावा देणारी पेस्ट मी त्या प्लास्टिकवरूनच लावली होती. लाल अक्षरं अजून वाचता येत होती. इंग्रजी सोपं होतं. वापरण्यापूर्वी हे काढा.

ते सोलून हातात घेतलं. आई बाजारातून आली, पाटी उतरवली आणि आधी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे बघितलं.

मी म्हटलं, "तुझ्या प्लास्टिकमुळे झालं सगळं. उष्णता जायला वाटच नव्हती."

तिने पदराला हात पुसले. तो तुकडा घेऊन उजेडात धरला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मी कीबोर्डावरचा बोलली व्हती गो. आतला तू ठेवलास."

मी कूलर उलटा करून मांडीवर ठेवला.

"तो पोरगा येनार म्हनून भायेरचा काढलास," ती म्हणाली. टोमणा नव्हता. कोलंबीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग विचारलं, आता चालंल काय. चालेल म्हटलं. मंग लाव, म्हणाली.

पुसून, नवी पेस्ट लावून कूलर बसवला. परेशची खुर्ची रिकामी होती, म्हणून मीच बसले. आई पायांपाशी भाजी निवडत होती. तिसरी फेरी गेली, सहावी गेली. टेंपरेचर ५४. ते सेल्सिअसच असतं. पहिल्या दिवसापासून सेल्सिअसच होतं.

दहा पूर्ण झाल्या. गाडी शेवटून दुसरी आली, कारण मला वळणं नीट दिसत नव्हती. स्क्रीनवर पुन्हा खेळणार का, असं विचारत होतं आणि मशीन शांतपणे चालू होती.

आई म्हणाली, संपला? मंग परेशला सांग.

मंगळवार, २ ऑगस्ट

काल कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून रिक्षाने गव्हाणला नेला. वाटेत काय बोलायचं ते चांगलं जुळवलं होतं. सत्य, जबाबदारी, पुढची मार्चची परीक्षा, या क्रमाने.

परेश यार्डातून आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कोरं, आणि त्याच्यावर प्लास्टिक तसंच. कडेने फाटून फडफडत होतं. मी म्हटलं, काढ की ते. तो म्हणाला, "राहू दे. नवा दिसतो."

तिथेच माझं भाषण संपलं.

काय झालेलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आत एक बारीकसं काढायचं राहिलं होतं. हे खोटं नाही. त्याने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, याची मला खात्री आहे. निदान बऱ्यापैकी. मामाच्या खाटेजवळ कॉम्प्युटर लावला आणि त्याने वेळ घेऊन गाडी निवडली. निळी. चौथ्या फेरीला त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, पाचवीला नाही. नंतर तो मला विसरला. दहावी झाल्यावर म्हणाला, भारी बनवलास ताई. मार्चचं मी काढलं नाही. त्यानेही नाही. कॉम्प्युटर त्याच्याकडेच ठेवून आले.

कॅबिनेटच्या पुढच्या भागाचं प्लास्टिक आईने टाकलंच नव्हतं. गादीखाली घडी करून ठेवलं होतं. निघण्यापूर्वी तिने ते पुन्हा चिकटवलं, दोन बुडबुडे राहिले. मी काढलं नाही.

उरला इंद्रजीत. आज सकाळपासून त्याला मेसेज लिहीत होते. पहिल्या मसुद्यात गैरसमजांची सामाजिक कारणं होती. दुसऱ्यात, त्याने त्या दिवशी अधिक स्पष्ट बोलायला हवं होतं असं होतं. तिसऱ्यात सोफा आला, तो खोडला. शेवटी दोनच शब्द उरले: प्लास्टिक होतं.

पाठवला. गेल्याचं दिसलं, आणि लगेच फोन बंद केला. आपोआप नाही झाला. मीच केला.